विकलेला माल परत घेतला जाईल

सोलापुरात कुठल्याही दुकानात जा, चादरीच्या, चपलेच्या नाहीतर कुकरच्या, गल्ल्याच्या वर एक पाटी असतेच: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ एखाद्या दुकानात देवाचा फोटो नसेल, पण ही पाटी असते. हिच्या बरोबर उलट लिहून धंदा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नवी पेठेच्या एका बोळात त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं. गुरुसिद्धप्पा हे नाव फक्त लाइट बिलावर. बाकी सगळ्यांचे ते अप्पा. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याच शब्दांत, ‘लई वाचून कायबी न झालेलं.’

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. आत एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सोडायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल, असे अप्पा स्टुलावर बसलेले असायचे. त्याच टॉवेलने पुस्तकं झटकायची, घाम पुसायचा आणि नको असलेलं गिऱ्हाईक माशीसारखं हाकलायचं. आत शाळेची गाइडं, पंचांगं, रांगोळीची आणि पाककृतींची पुस्तकं, पोरांच्या गोष्टी, थोडी कन्नड वचनं. बाहेर उन्हात एक टेबल, आणि त्या टेबलावर यश, पैसा, पुढारीपण आणि सवयी यांची पुस्तकं. अप्पा त्यांना ‘शिडीची पुस्तकं’ म्हणत, कारण मुखपृष्ठावर शिडी, नाहीतर जिना, नाहीतर वर निघालेला बाण असायचाच. एकावर तर डोंगराच्या टोकावर दोन्ही हात वर करून उभा असलेला माणूस होता.

“ह्येला आता उतरायचं कसं ते कळंना,” अप्पा म्हणाले, “म्हणून हाका मारतोय बघ.”

“अप्पा, उन्हात ठेवून खराब होतील की ही.”

“आत काय हाय खराब व्हायला?”

आणि खपायची हीच. गाइडं जूनमध्ये खपत, पंचांगं पाडव्याला, शिड्या बारा महिने. ज्या मालाची मनातून किळस येते तोच आपल्याला भाकरी घालतो, हे अप्पांना चपलेतल्या खड्यासारखं सलायचं. मग तो राग गिऱ्हाइकावर निघायचा. एखादा शर्ट इन केलेला तरुण टेबलावरचं पुस्तक उचलून आत आला की अप्पा विचारायचे, “कशाला पायजे?”

“पुढं जायचंय, काका.”

“मग जा की. हितं बोळ बंद हाय.”

तरीही तो तरुण पुस्तक घेऊनच जायचा. शिडीच्या गिऱ्हाइकाला अपमान लागत नाही. अपमान हीच पहिली पायरी असते असं आधीच्या पुस्तकात त्याने वाचलेलं असतं.

हे मी अधिकाराने सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो. ऑर्डरी घ्यायच्या, मालाच्या गाठी वेळेवर रवाना करायच्या, आणि कुणाकडूनही काहीही बिघडलं तरी मान आपण खाली घालायची. अशा माणसाला शिडीची भूक जास्त. एका पुस्तकात लिहिलं होतं की पहाटे उठणारेच जग जिंकतात. आमच्या गल्लीत पहाटे सगळेच उठतात, कारण नळाला पाणी तेव्हाच येतं. जग अजून कुणी जिंकलेलं नाही, हंडे तेवढे भरतात.

दुसऱ्या एका पुस्तकाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: ठामपणे ‘नाही’ म्हणा. आता आमच्याकडे ‘नाही’ कुणी म्हणत नाही. आमच्याकडे ‘बघू की’ म्हणतात. ‘बघू की’ म्हणजे कधी हो, कधी चहा पिऊन बोलू, आणि बहुतेक वेळा नाही, पण तुमचं मन मोडवत नाही. समोरच्याला नेमका अर्थ कळतो आणि कुणाचं तोंड कडू होत नाही. आमचे ट्रान्सपोर्टवाले इस्माईलभाई रोज सकाळी फोन करायचे, “क्या साब, आज गाडी लगाऊँ?” मी म्हणायचो, “बघू की.” म्हणजे दुपारी लावा. त्या दिवशी मी पुस्तक वाचून आलो होतो. गाठी संध्याकाळपर्यंत तयार होणार की नाही याची शंका होती. छाती पुढे काढून म्हणालो, “नाही.”

पलीकडून मग हळूच, “हमसे कुच गलती हुई क्या साब?”

“नाही.” कारणं देत बसू नका, असंही पुस्तकात होतं.

गाडी त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही. गाठी दारात पडून राहिल्या, हैदराबादचा व्यापारी फोनवर पेटला. शेवटी इस्माईलभाईंच्या घरी जाऊन चहा प्यालो, त्यांच्या नातवाचं कौतुक केलं, आणि निघताना ते म्हणाले, “तो फिर कल गाडी लगाऊँ?” मी म्हणालो, “बघू की.” तेव्हा कुठे चाकं हलली.

अप्पांना हे सांगितलं तर ते टॉवेल तोंडात कोंबून हसले. “सरळ न्हाय कोण म्हणतं, सांगू? डॉक्टर. त्योबी नातेवाइकास्नी बाहेर बोलावून म्हणतो.”

मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी आणखी एक पुस्तक घेतलं. त्यात असं होतं की माणसाची चूक सांगण्याआधी त्याची स्तुती करा. आमच्या शिलाई खात्यात नरसम्मा नावाची बाई टॉवेलच्या किनारी शिवते. एका ऑर्डरच्या किनारी तिरक्या गेल्या होत्या. मी तिच्या मशीनशी जाऊन म्हणालो, “नरसम्मा, तुमच्या हातात काय सफाई आहे हो.”

मशीन थांबलं. “काय झालं सायेब?”

“काही नाही. तुम्ही वेळेवर येता, तेही मला फार आवडतं.”

नरसम्माच्या डोळ्यांत पाणी. “सायेब, मला काढायलेत काय?”

आजूबाजूच्या मशिनी थांबल्या. कारखान्यात आजवर कुणी कुणाला विनाकारण चांगलं बोललेलं नव्हतं, त्यामुळे बायकांनी एकच निष्कर्ष काढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘शिलाई खातं बंद पडणार’ ही बातमी गेटवरच्या चहावाल्यापर्यंत पोचली. किनारी तिरक्याच राहिल्या. पुढे कितीतरी दिवस मी कुणाच्या डब्यातली भाजी जरी छान म्हणालो तरी समोरच्याचा घास हातातच थांबायचा.

“साकु,” अप्पा म्हणाले. कन्नडमध्ये ‘साकु’ म्हणजे पुरे. दिवसातून शंभरदा वापरायचा शब्द; पण त्या दिवशी त्यांनी तो हात जोडून वापरला.

अप्पांकडे जुन्या शिड्यांचाही ढीग होता, रद्दीवाल्याकडून येणाऱ्या. रिकाम्या दुपारी ते त्या उघडून बसत आणि ‘पेन्सिल कुटं मेली’ ते बघत. शिडीचा वाचक पेन्सिल घेऊनच बसतो. पहिल्या प्रकरणात ओळ न् ओळ अधोरेखित, समासात ‘वा!’, ‘उद्यापासून!’. दुसऱ्या प्रकरणात रेघा विरळ. तिसऱ्यात एखादी, तीही झोपेत ओढल्यासारखी. मग कोरं. जिथे पेन्सिल मेली तिथे बहुतेक वेळा काहीतरी सापडायचं: सांगोल्याचं एसटीचं तिकीट, औषधाचं वेष्टन. एकदा शेंगाचटणीचा तेलकट ठसा सापडला. अप्पांनी तो उजेडात धरला. “हा माणूस शाना. वाचता वाचता जेवाय बसला, आन् जेवणात मन रमलं.”

मी तेव्हा हसलो. घरी जाऊन माझ्या कपाटातली पुस्तकं उघडली आणि परत लावून टाकली.

हा सगळा तिरस्कार नुसती चेष्टा नव्हती, हे मला मंद्रूपच्या बांगडीवाल्यामुळे कळलं. तो मंद्रूपच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बांगड्या भरायचा. अप्पांकडूनच त्याने शिडी नेली होती. तिच्यात होतं, लहान विचार सोडा. त्याने बाजारातली जागा सोडली आणि सोलापुरात काचेच्या दाराचं दुकान घेतलं. पोत्यावर बसून हात पुढे करणाऱ्या बायका काचेचं दार ढकलून आत येईनात. दुकान बुडालं. परत गेला तर बाजारातल्या जागेवर दुसरा बसलेला. तो अप्पांकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने पुस्तक स्टुलावर ठेवलं. रागावला नव्हता, तेच वाईट.

“ह्यात लिवल्यालं समदं केलं अप्पा,” तो म्हणाला. “कुटं चुकलं, तेवढं सांगा.”

जिभेला धार असलेले आमचे अप्पा टॉवेलाची घडी घालत राहिले. बांगडीवाला थोडा वेळ थांबला आणि गेला. पुस्तक तिथेच.

“त्येनं शिवी घातली असती तर बरं झालं असतं,” अप्पा मागाहून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी शिक्का करायला टाकला: ‘विकलेला माल परत घेतला जाईल. बदली काहीबी न्या.’ शिक्केवाल्याने पहिल्या खेपेला ‘जाणार नाही’ असाच करून दिला. वर म्हणाला, “अप्पा, तुमच्या लिहिण्यात चूक झालेली, मी दुरुस्त केली.” दुसऱ्या खेपेला अप्पा त्याच्यासमोर बसून राहिले. मग प्रत्येक शिडीच्या पहिल्या पानावर तो जांभळा शिक्का बसू लागला. पण परत द्यायला कुणी येईना. शिडी परत करणं म्हणजे पडलो हे कबूल करणं. लोक रद्दीत घालत, नाहीतर भाच्याच्या मुंजीत देत, पण परत आणत नसत.

अशात अप्पांच्या मुलाचा, मंजुनाथचा, पुण्याहून फोन आला. तो तिथे कंपनीत होता आणि त्याची भाषा बाहेरच्या टेबलावरची होती.

“मंजू म्हणतो, मी झोनमधी अडकलोय,” अप्पा मला म्हणाले. “कसलं, कम्फर्ट झोन. हे कुटं आलं? होटगीकडं काय?”

मी अर्थ सांगितला. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, ज्याचा एक पाय पुठ्ठा घालून सरळ केलेला होता. “ह्येला कम्फर्ट म्हणत्यात व्हय?”

मंजुनाथचं म्हणणं सरळ होतं: दुकान हल्ली स्वतःचा खर्चही काढत नाही, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर शटर ओढून पुण्याला यायचं, कायमचं. अप्पा एकदा पुण्याला राहून आले होते. “आठव्या मजल्यावर ठेवलं मला. लिफ्टमधी माणसं भेटत्यात, पर समदी छताकडं बघत्यात. तितं मी कुणाला शिव्या घालू?” ते हे हसत म्हणाले, पण टॉवेलाची घडी घालणं चालू होतं.

दिवाळी जवळ आली, आणि मी अप्पांना वाचवायला निघालो. म्हणजे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच.

आमचे मालक श्रीनिवासशेठ तरुण, उत्साही आणि शिडीचे पक्के वाचक. त्यांनी कामाच्या सुरुवातीला सगळ्यांना उभं करून ‘मी जिंकणार!’ असं ओरडायला लावलं होतं. मागांच्या खडखडाटात ते कुणालाच ऐकू जायचं नाही, त्यामुळे लोक तोंड हलवून आपापली कामाची बोलणी उरकून घ्यायचे. त्या वर्षी मीटिंगमध्ये शेठ म्हणाले, “दिवाळीला मिठाईचा पुडा बंद. मिठाई एका दिवसात संपते. आपण विचार देऊ. प्रत्येक कामगाराला एक पुस्तक!”

आता, त्या पुड्याची वाट कारखान्यात श्रावणापासून बघतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी नरसम्माची नातवंडं गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी असतात. मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, मला तर नीटच. पण ‘संधी दिसली की झडप घाला’ हे मी नुकतंच अधोरेखित केलं होतं. म्हणालो, “शेठ, पुस्तकं मी आणतो. एक दुकान आहे ओळखीचं.”

संध्याकाळी अप्पांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते मला मिठी मारतील. अख्ख्या कारखान्याची ऑर्डर! दुकान वाचलं, पुणं टळलं.

“मिठाईच्या बदली?” अप्पांनी विचारलं.

“हो.”

“त्या किनार शिवणाऱ्या बाईलाबी शिडी?”

“सगळ्यांनाच.”

“आन् तू ‘न्हाय’ म्हणाला न्हाईस. तवा ते पुस्तक कुटं गेलं हुतं तुझं?”

मी बोळाच्या तोंडाकडे बघत राहिलो. अप्पा उठले, बाहेरच्या टेबलापर्यंत गेले, तिथल्या हात वर केलेल्या माणसाकडे पाहत उभे राहिले. आत मोबाइल वाजत होता, मंजुनाथच असणार. तो वाजून थांबला. मग अप्पा म्हणाले, “बघू की.”

मी पडेल चेहऱ्याने घरी आलो. ‘बघू की’चा अर्थ मला कळत होता. पण सकाळी त्यांचा निरोप आला: पुस्तकं देतो, पण प्रत्येकावर माझा शिक्का बसेल. मी शेठना विचारलं. शेठ खूश. “व्वा, दुकानदाराचा शिक्का! पर्सनल टच!” नमुन्याची प्रत त्यांनी हातात घेतली, वास घेतला, मुखपृष्ठावरच्या जिन्यावरून बोट फिरवलं. शिक्का वाचला नाही. शिडीचे वाचक पहिलं पान सोडूनच सुरुवात करतात.

वाटपाचा दिवस मी विसरणार नाही. लोक रांगेत आले, खाकी कागदातली वस्तू घेतली, आणि हाताला वजन लागताच प्रत्येकाचा चेहरा थोडा खाली आला. नरसम्माने पुडा नाकाशी नेला. “तुपाचा वास येईना सायेब.” मग उघडला. शेठ टेबलावर उभे राहून विचारांच्या संपत्तीवर बोलत होते. नरसम्माला मराठी वाचायला वेळ लागतो; ती पहिल्या पानावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होती. “वि-क-ले-ला मा-ल...” शेवटाला पोचली आणि माझ्याकडे आली. “सायेब, ह्ये खरं काय? परत घेत्यात?”

शेठ चार पावलांवर होते. माझी नोकरी त्याहून जवळ.

“बघू की,” मी म्हणालो.

नरसम्माला अर्थ बरोबर कळला. 

दुसऱ्या दिवशी नवी पेठेच्या त्या बोळात कुणाला पाय ठेवायला जागा नव्हती. मागवाले, शिलाईवाल्या, पॅकिंगवाले, बरोबर त्यांची पोरं. अप्पा स्टुलावर उभे. “एकेकानं! ए, ढकलू नको, शिडी हाय ती, पडशील!” पुस्तक आत, बदली दुसरं बाहेर. रांगोळीची पुस्तकं पहिल्या तासात संपली. मग चित्रं रंगवायची, मग गोष्टींची, मग गाइडं. कुणी तेलुगू पंचांग मागितलं तर अप्पांनी शेजारून मागवून दिलं. या दुकानात आयुष्यात पाय न ठेवलेली माणसं आत काय काय आहे ते उलटून पाहत होती, आणि बदलीच्या पुस्तकाबरोबर पदरचे पैसे घालून आणखी एखादं घेत होती. नरसम्मा म्हणाली, “मला पुस्तक नकोच. नातवंडं पुड्याला थांबल्यात.” अप्पांनी तिची शिडी घेतली, कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात स्वतः गेले आणि पुडा घेऊन आले. चिडून आले. “च्यायला, ह्येच शेठनं केलं असतं तर मला उन्हात चालावं लागलं असतं काय?”

सगळ्या शिड्या कोऱ्या करकरीत माळ्यावर गेल्या. एकाही पुस्तकात पेन्सिल मेली नव्हती, कारण जन्मलीच नव्हती.

मी महिनाभर शेठसमोर घाबरत वावरलो. पण शेठ म्हणाले, “बघितलंत? या दिवाळीला लोकांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. पुढच्या वर्षीही हेच पुस्तक!” पुढच्या वर्षी अप्पांनी माळ्यावरून तीच उतरवली, टॉवेलने झटकली, नव्या खाकी कागदात बांधली. वाटप झालं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोळात परत. त्याच्या पुढच्या वर्षीही. शेठ दरवर्षी पैसे मोजून विचार वाटत होते, कामगार दरवर्षी रांगोळीची पुस्तकं नेत होते, आणि दुकान चालत होतं. मंजुनाथने फोनवर अभिमानाने सांगितलं की बाबा, याला रिपीट बिझनेस म्हणतात, हे माझ्या पुस्तकात आहे.

“साकु,” अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

अप्पा पुण्याला गेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले ते थेटच गेले, मधे पुणं न घेता.

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं भेटलो. माझ्या हातात एक गठ्ठा होता. श्रीनिवासशेठनी स्वतःचं पुस्तक काढलं होतं: टॉवेलच्या धंद्यातून शिकलेले यशाचे धडे. मुखपृष्ठावर शेठ, स्वतःच्या बंगल्याच्या जिन्यावर, वर बघत. आत ‘मिठाई नव्हे, विचार’ असं एक अख्खं प्रकरण. शेठना लिहायला वेळ नव्हता. ते बोलले आणि मी लिहिलं. नाव अर्थातच त्यांचं. बोळातून येताना मी सगळी उत्तरं तयार करून आलो होतो: नोकरी आहे, शेठचा शब्द मोडता येत नाही, शिवाय अप्पा, तुम्ही तरी काय वेगळं विकता?

त्यातलं एकही लागलं नाही. अप्पांनी प्रत हातात घेतली, जिन्यावरच्या शेठकडे पाहिलं, आणि मधलंच एक पान उघडून वाचलं. मग दुसरं. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. डोंगरावरच्या माणसाला मारला होता तसा एखादा टोमणा येण्याची मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मनातून मागत होतो.

“ह्ये तू लिवलंस,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“शिडीवाला ‘बहुतेक’ म्हणत न्हाय. तू म्हणतोस.”

त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला. पॅडची शाई वाळली होती. शिक्क्यावर तोंडाने वाफ सोडली, एकदा, दोनदा, आणि पहिल्या पानावर दाबून धरला. उमटला तो फिकट, पण वाचता येत होता. मग स्टुलाचा आधार घेत उठले, बाहेर गेले, त्या टेबलावर थोडी जागा करून माझं पुस्तक उन्हात ठेवलं आणि वरची धूळ टॉवेलने पुसली. नव्या पुस्तकावर धूळ नव्हती.

“खपेल का, अप्पा?” मी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मला पाहून कधी केला नव्हता असा मऊ चेहरा केला, आणि म्हणाले,

“बघू की.”